'मूडी' हा शेरा

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं आणि त्यातच दुष्काळ पडलेला. मी तालुक्याच्या कचेरीत लिपिक होते, टंचाईचं टेबल माझ्याकडं.

एका दुपारी दहा-बारा बायका रिकाम्या घागरी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बाई, आठ दिस झाले, टँकर न्हाई. हिरीत गाळ बी उरला न्हाई," त्यांच्यातली म्हातारी म्हणाली.

अव्वल कारकुनांनी मान वर न करता सांगितलं, "साहेब मीटिंगमध्ये हायेत. उद्या या."

"उद्याचं पाणी आज पेता येतंय का, बाबा?"

मी उठले. तिथंच अर्ज लिहिला, बायकांचे अंगठे घेतले, मीटिंगचं दार ढकललं आणि कागद नायब तहसीलदारांपुढं ठेवला. चार लोकांदेखत त्यांना सही करावीच लागली. दुसऱ्या सकाळी टँकर गावात पोचला.

वर्षाअखेरीस नायब तहसीलदार साहेबांनी गोपनीय अहवालात लिहिलेला शेरा मला कळवला गेला: 'कामात हुशार, पण मूडी.'

लई राग आला. एरवी 'आज मूड नाही' म्हणत खुर्चीत पेंगणाऱ्यांना कुणी मूडी म्हणत नव्हतं. रविवारी मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि जाडजूड इंग्रजी शब्दकोश उघडला. तिथं बारीक अक्षरात या शब्दाची सगळी कुळकथा होती. फार जुन्या इंग्रजीत 'मूड' म्हणजे मन, काळीज, हिंमत. 'मूडी' म्हणजे शूर, मानी. पुढं त्याचा अर्थ हट्टी, रागीट असा घसरत गेला आणि शेवटी लहरी, घुमा यावर येऊन थांबला.

मी साहेबांना लेखी उत्तर दिलं. 'शब्दाच्या मूळ अर्थानं शेरा मान्य आहे. आजच्या अर्थानं असेल, तर एक उदाहरण द्यावं.' सोबत शब्दकोशातला उतारा हातानं लिहून जोडला.

साहेबांनी बोलावून घेतलं. कागद दोनदा वाचला.

"बाई, तुम्ही मला इंग्रजी शिकवताय का?"

"न्हाई साहेब. उदाहरण मागतेय."

त्यांनी अहवाल काढला. मग हसले, 'पण मूडी' खोडलं, खाली सही केली आणि वर लिहिलं, 'जबाबदारी घेते.'

पुढच्या उन्हाळ्यात टँकरचे अर्ज आले की ते स्वतःच शिपायाला सांगायचे, "बाईंना आत येऊ द्या, मीटिंग असली तरी."