मुंबईला गेलेला गडगा

आत्माराम गवंडी हाताचा सोन्यासारखा, पण माणूस हुरळणारा. कुणी त्याच्या कामाची तारीफ केली की झालं, अंगातला सदरा काढून देईल! नाटे गावाच्या अलीकडे त्याची वाडी. तिथल्या अर्ध्या आवारांचे गडगे त्यानेच रचलेले. ना सिमेंट, ना माती. चिऱ्यावर चिरा असा बसवायचा की गुरं अंग घासून गेली तरी भिंत हलायची नाही.

वाडीतला सगळ्यात जुना गडगा मात्र त्याच्या आजोबाने घातलेला. आत्माराम आणि त्याचा चुलतभाऊ भिकाजी, दोघांच्या हिश्श्यांमधली हद्द म्हणजे तो गडगा. सातबारा आजही सामायिक, कागदावर कुठेच रेघ नाही. अलीकडे आत्मारामचं घर आणि विहीर, पलीकडे भिकाजीची आंब्याची कलमं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ऋजुता मॅडम आल्या. मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीच्या बेचाळीस मजली ऑफिसचं डिझाइन त्यांच्याकडे होतं. इमारत वरपासून खालपर्यंत नुसती काच. आता एवढी काच चढवल्यावर या लोकांना मातीची आठवण होते! तर तळमजल्यावर, शिरल्या शिरल्या समोर, कोकणातली खरीखुरी जुनी भिंत हवी. नवा चिरा नको, काळा पडलेला, शेवाळ धरलेला हवा. मॅडमनी त्या गडग्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “काका, हे जसंच्या तसं तिथे उभं करायचंय. तुम्हीच रचायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

झालं! आत्मारामची छाती फुगली. बायको येसूबाई म्हणाली, “अवो, हद्द हाय ती. तिला हात लावू नका.” त्याने तिला उडवून लावलं. भिकाजीला विचारलं, तर तो गोड हसून म्हणाला, “ने की दादा. भावाभावांत गडगा कशाला लागतो?” भिकाजी उगाच हसत नाही, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. आत्मारामला तेवढं कळू नये? पण तो मनाने केव्हाच मुंबईला पोचला होता.

मॅडमची माणसं आली. प्रत्येक चिऱ्यावर खडूने आकडा घातला, फोटो काढले, पायातले दगडसुद्धा उकरून ट्रकात भरले. आत्माराम पंधरा दिवस मुंबईत राहिला. डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून, आकडे जुळवत त्याने आजोबाचा गडगा त्या काचेच्या घरात पुन्हा उभा केला. टायवाले साहेब थांबून बघायचे. एकाने त्याच्यासोबत सेल्फीही काढला.

घरी आला, तर दारात काटेरी तार. भिकाजीने सिमेंटचे खांब पुरून ती विहिरीच्या अलीकडून ओढली होती. गडग्याची जागा जेसीबी फिरवून सपाट केलेली.

“अरे भिकाजी, विहीर माझी!”

“हद्द इथूनच होती, दादा,” भिकाजी म्हणाला. “नाय म्हणतोस, तर गडगा कुठं होता ते दाखव.”

मोजणीवाला आला. सामायिक सातबारा बघून त्याने विचारलं, “वहिवाटीची खूण काय?”

“गडगा.”

“कुठाय?”

“मुंबईला,” आत्माराम म्हणाला, आणि जमलेली माणसं फिदीफिदी हसली. साक्ष द्यायची म्हटल्यावर त्याच माणसांनी कानावर हात ठेवले. भिकाजीशी वैर कोण घेणार? यांतल्या किती जणांचे ढासळलेले गडगे आत्मारामने नुसत्या चहावर उभे करून दिले होते. मेले एकेक!

मग त्याने मॅडमना फोन केला. त्यांनी बिचाऱ्यांनी गडग्याचे नकाशे आणि फोटो लगेच पाठवले. रत्नागिरीच्या वकिलाने ते टेबलावर पसरले. तीनशे बारा चिरे. कुठल्या चिऱ्याला कुठे भेग, कुठल्यावर किती शेवाळ, सगळं बारकाईने काढलेलं. गडगा विहिरीपासून किती हातांवर होता, तेवढं मात्र कुठेच नाही. फोटोंतही मागची विहीर, घर, माड सगळं पुसून पांढरं केलेलं. मूळ फोटो कुणी ठेवलेच नव्हते.

“काम सुंदर आहे हो,” वकील म्हणाला, “पण यात तुमची जमीन कुठेच नाही.”

एप्रिलात वाडीचा नळ चार दिवसांनी एकदा यायला लागला. जिने चाळीस वर्षं त्या विहिरीचं पाणी काढलं, ती येसूबाई घागर घेऊन तारेपाशी उभी राहायला लागली. मनात आलं तर भिकाजीची सून, दिशा, भरून द्यायची. एक दिवस तिने घागर तशीच परत केली. “आज कलमांना पाणी सोडलंय, काकी. उद्या बघू.”

येसूबाई रिकामी घागर घेऊन घरी आली. आत्माराम ओट्यावर मोबाइल घेऊन बसला होता. मॅडमचा मेसेज आला होता. बिल्डिंगच्या डिझाइनला मोठं बक्षीस मिळालं होतं, आणि फोटोत सगळे त्याच गडग्यासमोर उभे होते. आत्मारामचा चेहरा खुलला होता. एवढं होऊनही खुलला होता!

“येसू, बघ तरी,” तो म्हणाला. “माझ्या कामाला बक्षीस मिळालं.”

तिने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. घागर त्याच्या मांडीवर ठेवली.

“मग जावा तिथं,” ती म्हणाली, “आणि भरून आणा.”