गर्गिलियस बरा झाला, तेव्हाची गोष्ट

थुनिग्गा गावचा न्यायाधिकारी गर्गिलियस बावीस वर्षं ख्रिस्ती होता आणि बावीस वर्षं त्याचा बाप्तिस्मा व्हायचा राहिला होता. गावात याचं कुणाला नवल नव्हतं. सरकारी खुर्चीवर बसणारे सगळे तसंच करत. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आजवरची सगळी पापं एका झटक्यात धुऊन जातात, पण ते पाणी आयुष्यात एकदाच मिळतं. त्यानंतर मोठं पाप घडलं तर अंगाला राख फासून देवळाच्या दाराशी लोळायचं, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय धरायचे, तेही जन्मभर. मग पाणी कधी घ्यावं? गर्गिलियसचं उत्तर तयार होतं. "भट्टीची राख काढायच्या आधी कुणी न्हायला जातं का?" असं तो विचारी, आणि आपल्यालाच हसू येऊन मांडीवर थाप मारी.

भट्टी म्हणजे त्याची नोकरी. तिथे माणसांना फटके मारायला लावायचे, लाकडी घोड्यावर ताणायला लावायचं, आणि ज्याच्याकडून भेट आली त्याचं म्हणणं जरा जास्त लक्ष देऊन ऐकायचं. हे सगळं उरकलं की शेवटच्या घटकेला बिशपला बोलवायचं, डोक्यावर पाणी घ्यायचं आणि कोरं करकरीत होऊन वर जायचं, असा बेत होता. एवढा पक्का बेत त्याने मुलीच्या लग्नाचाही केला नव्हता.

दर रविवारी प्रवचन संपलं की सेवक ओरडे, "बाप्तिस्मा न झालेल्यांनी बाहेर व्हावं!" गर्गिलियस सगळ्यांत आधी उठे. बाहेरच्या पायऱ्यांवर भाजलेले हरभरे मिळत. तिथे करवसुलीवाले, पंचायतीचे सभासद, गोदामांचे अंमलदार असे सगळे न धुतलेले गृहस्थ जमत. आत भाकर मोडली जाई तेव्हा बाहेर गावाचा कारभार उरके. बिशप फोर्तुनियस म्हातारा होता आणि सरळ होता. तो कधीमधी म्हणे, "गर्गिलियस, मरण काही निरोप धाडून येत नाही रे."

"बाबा, या गावात माझ्या परवानगीशिवाय गटाराचं पाणी वळत नाही," गर्गिलियस म्हणे. "मरण थांबेल दोन दिवस दारात."

त्या वर्षी ऑलिव्हचं पीक निघालं आणि सार्वजनिक स्नानगृहाच्या कोठारातलं तेल नाहीसं झालं. दिव्यांना तेल नाही, अंगाला चोळायला तेल नाही. लोक कोरड्या अंगाने न्हाऊन शिव्या देत घरी जाऊ लागले. कोठाराचा मक्ता पोस्तुमसकडे होता. तेल पोस्तुमसनेच विकलं हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. पण आरोप ठेवला गेला त्याच्या मिग्गिन नावाच्या गुलामावर, कारण कोठाराची किल्ली मिग्गिनच्या कमरेला असे. पोस्तुमसने गर्गिलियसच्या घरी मागच्या दाराने तेलाचे सहा रांजण पाठवले. कसलं तेल, कुठलं तेल, हे विचारण्याइतका गर्गिलियस असभ्य नव्हता. सुनावणी ठरली. घोड्यावर ताणलं की मिग्गिन कबूल करणार आणि मीठ काढायच्या खाणीत जाणार, एवढंच उरलं होतं.

सुनावणीला सात दिवस असताना गर्गिलियसला ताप भरला. चौथ्या दिवशी तो बरळू लागला. वैद्याने नाडी पाहिली, मान हलवली आणि आपली फी आधी मागून घेतली. त्याबरोबर रेस्तुताने, म्हणजे त्याच्या बायकोने, हंबरडा फोडून बिशपला बोलावणं धाडलं. फोर्तुनियसने पाणी ओतलं, तेल लावलं, अंगावर पांढरा झगा चढवला. सगळ्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्गिलियसने डोळे उघडले आणि लापशी मागितली.

"अगं, हा झगा कसला?" वाडगा निम्मा संपल्यावर त्याने विचारलं.

रेस्तुता वाडग्यात आणखी लापशी वाढू लागली.

"अगं ए, मी काय विचारतोय?"

"बाप्तिस्मा झाला तुमचा. काल दुपारी."

गर्गिलियसच्या हातातला चमचा तसाच राहिला. "कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच की! 'ओता, ओता' म्हणून ओरडत होतात."

"मी प्यायला मागत होतो गं!"

"मला काय ठाऊक? वैद्य म्हणाला, रात्र काढायचे नाहीत. तुम्ही आपले काढलीत!" रेस्तुताने पदराने नाक पुसलं. "आणि माझ्यावर कशाला डाफरताय? जगलात त्याचं काहीच नाही का?"

जगल्याचा आनंद त्याला झाला होता, नाही असं नाही. पण तीन दिवसांनी सुनावणी होती. पुढल्या आठवड्यात प्रांताधिपतीचा दौरा येणार होता, म्हणून तारीख हलवता येत नव्हती. खुर्ची सोडावी तर मुदत संपेपर्यंत कायदा सोडू देत नव्हता. आणि मिग्गिनला ताणलं की राख, दार आणि लोळण. त्याने बिशपला बोलावून घेतलं.

"बाबा, चाबूक काही माझ्या हातात नसतो. तो चाबूकवाल्याच्या हातात असतो."

"हुकूम कुणाच्या तोंडातून निघतो?"

"तोंडाने नुसती मान हलवली तर?"

"तोंडाने मान कशी हलवतात ते दाखव मला," फोर्तुनियस म्हणाला. गर्गिलियसने उशी भिंतीवर फेकली.

संध्याकाळी पोस्तुमस अंजिरांची टोपली घेऊन आला. "पांढरं शोभतं हो तुम्हाला," तो म्हणाला. "सोमवारचं ठरल्याप्रमाणे ना? एवढं एकच उरका, मग परत धुऊन घ्या."

"परत धूत नाहीत."

"मग काय उपयोग त्या धर्माचा!" पोस्तुमसला मनापासून वाईट वाटलं.

सोमवारी सगळं गाव चौकात लोटलं. बाप्तिस्म्यानंतर आठ दिवस पांढरा झगा उतरवायचा नसतो, तेव्हा न्यायाधिकारी दुधात बुडवून काढल्यासारखा खुर्चीवर बसला होता. त्याने मनाशी ठरवलं होतं: कुणाला हात लावू द्यायचा नाही, पुरावा नाही म्हणून खटला काढून टाकायचा, आणि घरी जाऊन झोपायचं. पोस्तुमसला राग येईल, पण पोस्तुमस काही नरकाचा दारवान नव्हता.

मिग्गिनला आणलं. पन्नाशीचा, वाळका, दाढी पांढरी झालेला माणूस. कुणी काही सांगायच्या आधीच त्याने सदरा काढला, त्याची नीट घडी घालून जमिनीवर ठेवली आणि जाऊन लाकडी घोड्यावर पालथा पडला. पूर्वी दोनदा तो त्यावर पडला होता. दोन्ही वेळी याच खुर्चीवर गर्गिलियस होता, पण त्याला ते आठवत नव्हतं.

"ऊठ," गर्गिलियस म्हणाला. "तिथं नाही. इकडे समोर उभा राहा."

मिग्गिनला हा काहीतरी नवा प्रकार वाटला. तो भीत भीत उठला.

"तेलाचं काय झालं ते सांग."

"मालकांनी सांगितलंय ते सांगू, की झालं ते?"

लोक हसले. पोस्तुमसला ठसका लागला.

"झालं ते."

मग मिग्गिनने सांगितलं. तीन वेळा गाडी आली. किल्ली मालकांनी मागून घेतली. रांजण बंदरावर गेले, सहा मात्र गावातच उतरले. कुठे उतरले ते त्याने सांगितलं नाही, नुसतं गर्गिलियसकडे पाहिलं. एवढं सरळ, एवढं साधं बोलणं गर्गिलियसने या चौकात कधी ऐकलं नव्हतं, कारण इथे माणसं किंचाळत असत. त्याने कारकुनाकडे बघितलं. रोगातस कारकून हाताची घडी घालून बसला होता.

"लिहीत का नाहीस?"

"साहेब, हे लिहिता येत नाही," रोगातस अदबीने म्हणाला. "गुलाम आहे तो. गुलामाने मार न खाता सांगितलेलं खरं धरत नाहीत. आपणच मला शिकवलंत."

खरंच होतं. शेकडो वेळा त्याने हे वाक्य याच खुर्चीवरून म्हटलं होतं, आणि दर वेळी ते त्याला शहाणपणाचं वाटलं होतं.

"म्हणजे पुरावा नाही," पोस्तुमस उठत म्हणाला. "ठीक आहे, साहेब. माणूस माझा आहे, मी घेऊन जातो. घरी गेल्यावर याचं बघतो मी काय ते."

काय बघणार हे सगळ्यांना कळलं. मिग्गिनलाही कळलं. तो दोन पावलं पुढे आला.

"मग मारा ना, साहेब," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तो अडलेल्या माणसाला वाट दाखवत होता. "मारल्यावरही हेच सांगेन मी. म्हणजे लिहिता येईल." आणि तो पुन्हा घोड्याकडे वळला.

गर्गिलियसला लाज वाटली. ताप चढावा तशी ती पायांपासून वर चढली. खटला काढून टाकला असता तर तो स्वतः स्वच्छच राहिला असता. बिशपही काही बोलला नसता. मिग्गिन मेला असता, पण गर्गिलियसच्या हुकुमाने नव्हे. पाण्याने आपल्या डोक्यावरचं सगळं धुतलं, पण या माणसाच्या पाठीवरचं काहीच धुतलं नाही, हे त्याला आत्ता दिसलं.

"रोगातस, स्वतंत्र नागरिकाची साक्ष न मारता चालते ना?"

"चालते की, साहेब."

"मग लिही. कोठारातलं तेल पोस्तुमसने विकलं. मी गप्प बसावं म्हणून सहा रांजण मला दिले. ते माझ्या घरी आहेत. त्यातलं निम्मं आम्ही खाल्लं."

गर्दीतून रेस्तुताचा "अहो!" एवढाच आवाज आला. पोस्तुमसने चौकाबाहेरच्या वाटेकडे पाहिलं, पण वाटेत लोक उभे होते.

रोगातसची लेखणी मात्र मध्येच थांबली. "साहेब, साक्षीदार आणि न्यायाधिकारी एकच माणूस चालत नाही. आणि लाच घेतली म्हणालात, म्हणजे आपण आता..." तो शब्द शोधू लागला.

"आरोपी," गर्गिलियस म्हणाला.

"हो, तेच. आरोपी खुर्चीवर कसा बसणार?"

गर्गिलियस उठला. ताप जाऊन तीनच दिवस झाले होते. तीन पायऱ्या उतरून तो खाली आला आणि मिग्गिनच्या शेजारी उभा राहिला. हात कुठे ठेवायचे, कुणाकडे बघायचं, त्याला काही सुचेना. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तो टक लावून बघत राहिला.

मिग्गिनने त्याला कोपराने हळूच ढोसलं.

"साहेब," तो कुजबुजला, "इथं उभं राहिल्यावर खाली बघायचं असतं. वर बघितलं की त्यांना राग येतो."