सैल चुडा

भोर संस्थानातल्या सुइणींनी पुण्याच्या प्रसूतिगृहात काही महिने काम शिकावे आणि आम्ही परिचारिकांनी तितकाच काळ वेल्ह्याकडे राहावे, अशी तेव्हा अदलाबदल होती. हिवाळ्यात गुंजवण्याची एक सुईण आमच्याकडे आली. तिला काम दाखवण्याचे माझ्याकडे आले. पुढे उन्हाळ्यात तिकडे जाण्याची पाळी माझी होती.

तिच्या दोन्ही मनगटांत हिरव्या काचेचा चुडा रुतून बसला होता. बाळंतिणीच्या खोलीत कोपरापर्यंत हात मोकळे हवेत, असा नियम होता. काच फुटते, खाली मळ राहतो. तिने चुडा काढायला नकार दिला. मेट्रनबाईंनी आठवड्याची मुदत दिली. परत पाठवले असते तर वेल्ह्याच्या दवाखान्यातली जागा दुसरीला मिळाली असती, आणि ती जागा तिला हवी होती.

तोवर ती बाहेर कपडे धूत होती. आमची आया तिला डिवचायची, आत बाळ रडतंय अन् सुईण लुगडी पिळतीय.

"पिळते की. तुझ्यापरीस कोरडी पिळते," ती म्हणाली.

मी कारण विचारले. नवरा मेंढरे घेऊन कोकणात उतरला होता.

"तिकडं धन्याचं बरंवाईट कळायला मानूस यावं लागतं बाई. अन् म्या हितं हात बोडका करू?"

चुडा फोडल्याशिवाय निघणार नव्हता. पण कासार नवा भरताना जुना फोडतोच, त्याला कोणी अशुभ म्हणत नाही. मी तिला सुचवले की सैल चुडा भरून घ्यावा, म्हणजे कामापुरता अखंड उतरवता येईल. तिने दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी माझ्याबरोबर कासाराकडे आली.

कासार एक बांगडी फोडायचा, तिच्या जागी एक भरायचा. हात क्षणभरही रिकामा राहिला नाही. मापावरून मात्र त्याने कुरकुर केली. इतक्या सैल बांगड्या गळून फुटतील, लोक त्याला नावे ठेवतील, उसन्या आणल्यासारख्या दिसतील.

"मला मिरवायचं न्हाई. साबणाबिगर निघाल्या पायजेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक बाई अडली. खोलीच्या दाराशी सुईण थांबली, बांगड्या उतरवल्या आणि माझ्या हातात चढवल्या. भुईवर ठेवायच्या नाहीत, एवढेच सांगितले. आता नियम मला लागू झाला. मेट्रनबाईंनी माझ्या मनगटांकडे पाहिले आणि फक्त तिला आत घेतले. मूल सुखरूप झाले. मुदतीचा विषय पुन्हा निघाला नाही.

उन्हाळ्यात मी गुंजवण्याला तिच्याच घरी उतरले होते. तिचा नवरा कोकणातून परत आला. त्याने बायकोच्या हातांकडे पाहिले आणि मला विचारले, "काय वो बाई, पुण्यात हिला उपाशी ठिवली व्हती व्हय? चुडा पार ढिला पडलाय."

सासू हसली. खालच्या आळीतून बोलावणे आले होते. सुईणीने बांगड्या काढून सासूच्या हातात घातल्या आणि मला चला म्हणाली.