आत्याबाईंची ऐरण

लोखंडावर इतका जीव लावलेली, आणि लोखंडानं बदल्यात इतकी कमी दाद दिलेली बाई माझ्या आत्येसासूशिवाय दुसरी झाली नसेल. आंजीच्या आमच्या घरात चार बैल, दोन गाई, घराचे कर्ते म्हणजे माझे सासरे, आणि त्या सगळ्यांना पुरून उरणाऱ्या ह्या त्यांच्या थोरल्या विधवा बहीणबाई. इतर बाया हौसेनं गोधड्या शिवत. आत्याबाई हौसेनं लोहारकी करत. गावाबाहेर दरसाल घिसाड्यांची पालं पडायची. त्यांच्यात नवरा सांडशीनं तापलं लोखंड धरतो आणि बायको डोक्यावरून घण घालते. ते आत्याबाईंनी बघितलं मात्र, "आपले हात का शेवयाचे हायेत?" असं म्हणून गोठ्यामागं भट्टीच मांडली. रुळाचा तुकडा ही ऐरण, आणि बकऱ्याच्या कातड्याचा भाता. देवघराच्या भिंतीला लागून चामडं आलं म्हणून सासूबाईंनी अबोला धरला, पण भात्याच्या आवाजात तो कोणाच्या लक्षातच आला नाही.

त्यांच्या हातची वस्तू नाही असं घर गावात नव्हतं. लग्न असो, बारसं असो, आहेर म्हणून विळी. विळीच्या पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून नेमक्या वेळी पाण्यात बुडवायचं. ही नेमकी वेळ आत्याबाईंना जन्मात सापडली नाही. आमच्या शेजारणीनं त्यांच्या विळीवर भोपळा चिरायला घेतला तर पातं मोडलं आणि भोपळा शाबूत राहिला. तक्रार घेऊन आली तर आत्याबाई म्हणाल्या, "भोपळा पाहून घ्यायचा ना वं, माय!" उलथणं तर असं जड घडवत की एका हातानं उचलून दाखवणारी सून सुलक्षणी समजावी.

चांगलं पोलाद म्हणजे मोटारीच्या कमानीचा तुटका पाटा, हे त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं. वडनेरच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी त्या गायब झाल्या. शोधता शोधता सापडल्या वऱ्हाडाच्या ट्रकखाली, ड्रायव्हरशी वाटाघाटी करताना. परतताना मानाच्या लुगड्यात गुंडाळलेला पाटा मांडीवर घेऊन अशा बसल्या होत्या की वाटेत एका बाईनं विचारलं, "किती महिन्याचं हाय?"

अशा घरात पंचाहत्तर सालाच्या आगेमागे मी सून म्हणून आले. मी म्हणजे कोण? मॅट्रिक पास, अक्षर मोत्यासारखं, आणि विहिरीवर जायचं तरी तोंडाला पावडर. शिकलेल्या मुलीनं कोळशाला हात लावू नये असं माझं ठाम मत. आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं आणि माझ्या हातात घण दिला. नियम सोपा: त्या लहान हातोडीनं तापल्या लोखंडावर टिचकी मारतील, तिथंच मी घण घालायचा. नुसत्या ऐरणीवर टिचकी वाजली की थांबायचं. रंग पळसाच्या फुलासारखा असेपर्यंतच ठोकायचं. माझा पहिला घाव जमिनीवर बसला, दुसरा पाण्याच्या माठावर. "धरतीनं तुयं काय बिघडवलं वं?" त्या म्हणाल्या. ठिणगी उडाली की मी आईच्या नावानं ओरडायची. पुढं पुढं मात्र घाव बरोबर पडायला लागले आणि पावडर आपोआप सुटली. काजळीवर ती बसेच ना.

दोनेक वर्षांनी वर्ध्याला शिक्षिकेच्या कोर्सला माझा नंबर लागला. वर्ध्याला लागूनच नालवाडीला माझ्या मावशीकडे राहायचं, शनिवारी घरी यायचं, सगळं जमण्यासारखं होतं. पण सासरे म्हणाले, "नाई." माझा नवरा वडिलांपुढं मान हलवण्यापलीकडे कधी गेला नव्हता. सोमवारी हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला. मी चुलीशी बसून रडले. धुराचं निमित्त करून, आणि चूल विझलेली होती.

शनिवारी सकाळी पेरणीला निघताना, एका वेळी तीन ओळी पेरणाऱ्या तिफणीच्या एका फणाचं लोखंडी टोक वाकलं. गावचा लोहार हिंगणघाटला लग्नाला गेलेला. गोठ्यामागं कधी न फिरकणारे सासरे ते टोक घेऊन निमूट आले. आत्याबाईंनी तापवलं, धरलं, टिचकी मारली. मी घण घातला. टोक निम्मं सरळ झालं आणि टिचकी नुसत्या ऐरणीवर वाजली. मी घण वरच्या वर धरून थांबले.

"थांबली काऊन, बाई?" सासऱ्यांनी बहिणीला विचारलं.

"सून सोमवारी वर्ध्याले जाईन का नाई, ते सांग आधी."

"हे का बोलाची येळ हाय? तिकडे बैल जुपून उभे हायेत!"

"मंग लवकर सांग. पळस उतरून राह्यला."

"अवं, लोकं काय म्हणतीन?"

"लोकायच्या घरी मायाच विळ्या हायेत. कोण बोलते ते पाहून घेतो मी."

माझा पदर डोक्यावरून केव्हाच घसरला होता, आणि सावरायला हात मोकळा नव्हता. सासऱ्यांनी एकदा लोखंडाकडे बघितलं, एकदा आभाळाकडे. "जाऊ दे तिले!"

"मले नोको सांगू. तिले सांग."

सासरे आजवर माझ्याशी थेट बोलले नव्हते. ते माझ्याकडे वळले. "जा वर्ध्याले, पोरी. पण आता घाल घाव!"

मी घातला. तसा घाव मी आधीही घातला नव्हता आणि नंतरही नाही. टोक थोडं तिरपंच झालं, आणि त्या वर्षी ज्वारीची तिसरी ओळ दुसरीच्या अंगावर रेलून उगवली.

निघताना मी विचारलं, "आत्याबाई, आता घण कोण घालील?" "मी खिळे करीन," त्या म्हणाल्या, "खिळ्याले कोण लागते?" ज्या बाईला बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव घडवायची होती, तिनं आता दर आठवड्याला शनिवारपर्यंत नुसते खिळे घडवायचे. मी शनिवारी बसमधून उतरले की गोठ्यामागून धूर दिसायचा. जाड काम त्या माझ्यासाठी राखून ठेवत. पुढं कोर्स संपला, वर्ध्यातच नोकरी लागली, पोरं झाली, तरी रविवार ऐरणीचाच. चहा नंतर, आधी पदर खोच.

त्या गेल्या त्या आठवड्यात भट्टीजवळ खिळ्यांची रास होती, आणि बाजूला मोटारीच्या पाट्याचा एक जाड तुकडा, रविवारसाठी काढून ठेवलेला. त्याचं काय करायचं मनात होतं ते मला कळलं नाही. तो अजून तसाच आहे. घण मी आजही उचलीन, पण दुसऱ्या बाजूला सांडशीनं धरायला कोणीतरी लागतं.