बंबाची जाळी

माझे सासरे जंगल खात्यात कारकून, म्हणून घरात काहीही बिघडलं तरी दोष लाकडाचा. पोळी करपली, लाकूड वाईट. दार कुरकुरलं, लाकूड वाईट. छप्पन-सत्तावन सालचा हिवाळा. चांद्यात थंडी कडाक्याची, माझी लेक दीड महिन्याची, आणि आमचा तांब्याचा बंब काही केल्या पाणी तापवेना. पोरीला रोज कोमट पाण्यानं न्हाऊ घालायचं. ती काकडायची, छाती घरघरायची. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला.

सासऱ्यांनी तपास हाती घेतला, म्हणजे खाटेवर बसून हुकूम सोडले. सागाच्या ढलप्यांत दम नसतो, ऐनाचं लाकूड आणा. ऐन आला, तर तो म्हणे ओला. मग मूल गावाच्या बाजूनं बैलबंडीभर धावड्याचं लाकूड आलं, अंगणात ढीग लागला. पाणी होतं तसंच.

बंबाची राख रोज मी काढायची, आणि राखेत अख्खे निखारे सापडायचे. बंबाच्या नळीत खाली लोखंडी जाळी असते, तिच्यावर विस्तव टिकतो. आमची जाळी जळून मधे मुठीएवढं भगदाड पडलेलं. विस्तव टिकणार कसा, कपाळ माझं! पण सासऱ्यांपुढे सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती. नवऱ्याला सांगितलं, तर ‘बाबाले कोण सांगन?’ म्हणून ते कचेरीत पळाले. मोठे शूर!

शेवटी सासूबाईंना दाखवलं. त्यांनी जळकी जाळी काढली, पदराखाली घेतली आणि थेट लोहाराचं घर गाठलं. दुपारी नवी घेऊन आल्या. आम्ही दोघींनीच ती बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंबातून वाफा निघायला लागल्या. हा धावड्याचा गुण, असं सासऱ्यांनी जाहीर केलं आणि पंचा लावून न्हाणीच्या दगडावर जाऊन बसले. पहिलं पाणी कर्त्या पुरुषाचं ना! मी पोरीला घेऊन समोर उभी राहिले.

“मामाजी, उठा. आज पयले लेकराची आंघोळ.”

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तोटी सोडून कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालत होत्या. उठावंच लागलं.

ऊन पाणी अंगावर पडलं तशी पोरगी अशी निवांत झाली की मला रडूच फुटलं. सगळा बंब आम्ही रिकामा केला. मग सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घागर उचलली, बंबापाशी नेली आणि तिथंच अडले. सासूबाईंना हळूच विचारलं,

“पाणी कुठून भरतेत व याच्यात?”