गायरानातली सावली

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरता बसलेला नाही. मी भूगोल शिकवते. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचताना मनात येतंच – रात्र असेल, अंधार असेल, घाबरलेल्या माणसाला भास झाला असेल. माझी अडचण अशी आहे की माझ्याबाबतीत जे घडलं ते भर दुपारी घडलं, आणि मी ते यंत्राने मोजलं...

मी पाथरीत राहते. तिथल्याच एका कॉलेजात नोकरी करते. लग्न केलं नाही. आई आणि मी अशा दोघीच होतो, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी आई गेली. तिच्या आजारपणात माझं पीएच.डी.चं काम रखडलं होतं, ते मग पुन्हा बाहेर काढलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. विषय होता परभणी जिल्ह्यातला उन्हाळा. जुन्या नोंदी मिळवायच्या, आजच्या तापमानाशी ताडून बघायच्या आणि उन्हाळा कसकसा बदलत गेला ते शोधायचं. शहरातल्या नोंदी मिळतात, पण खेड्यांतलं ऊन कुणी फारसं मोजलेलं नाही. म्हणून चार-पाच गावांत मी स्वतःची यंत्रं बसवली. खांबावर पांढरी झडपांची पेटी आणि पेटीत दर काही मिनिटांनी तापमान टिपणारा सेंसर. दर पंधरवड्याला जायचं आणि लॅपटॉपवर रीडिंग उतरवून घ्यायची, एवढंच.

त्यातली एक पेटी सेलू तालुक्यातल्या एका गावाच्या गायरानात होती. गावाचं नाव लिहीत नाही. पाथरीहून एसटीने देवगाव फाट्यावर उतरायचं, तिथून जीप, आणि जीप सोडेल तिथून पुढे बरंच चालायचं. नुसता मुरमाड माळ. झाड नाही, भिंत नाही, बोरीचं झुडूपसुद्धा नाही. ती जागा मी निवडली ती म्हणूनच. पेटीच्या आसपास सावली आणि पाणी नको असतं, रीडिंग खरं येत नाही.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा लक्षात आलं. दुपारी बाकी सगळ्या गावांत पारा चढत असायचा आणि या एका पेटीत तो उतरायचा. थोडाथोडका नाही, चांगला चार अंश. तीनच्या सुमाराला उतरायचा, तासभर तसाच राहायचा आणि मग चढून पुन्हा बाकीच्यांना येऊन मिळायचा. ढग नसताना. रोज.

माझे गाईड सर परभणीला असतात. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "सेंसर गेलाय तुमचा. बदला."

बदलला. दुसऱ्या गावातला इथे आणला आणि इथला तिथे नेला. इथला सेंसर तिथे जाऊन शहाण्यासारखा वागायला लागला आणि तिथला इथे येऊन दुपारी उतरायला लागला. तेव्हा ठरवलं, की एक दिवस ऐन दुपारी तिथेच जाऊन बसायचं.

त्या दिवशी माळावर पोचले तेव्हा बाराच्या पुढे झाले होते. तोंडाला स्टोल गुंडाळलेला, डोळ्यांपुढे सगळं पांढरं. पेटीच्या अलीकडे, पश्चिमेच्या अंगाला, दहा-बारा मेंढरं बसलेली दिसली आणि त्यांच्यात एक म्हातारी बाई. उन्हात मेंढरं काय करतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे – एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून घोळका करून उभी राहतात. ही तशी नव्हती. ऐसपैस पसरून, माना टाकून रवंथ करत बसली होती. एका गोलात. गोलाच्या बाहेर एकही नव्हतं.

"का उन्हात उभ्या ऱ्हायल्यात बाई?" म्हातारीने हाक मारली. "हिकडं या. सावलीत बसा."

मी वर बघितलं. आभाळात काही नव्हतं. खाली बघितलं तर माझी स्वतःची सावली पायाशी काळीभोर पडलेली. मेंढरांच्याही सावल्या होत्या, म्हातारीचीही होती. ऊन सगळीकडे सारखंच होतं.

"कुठली सावली मावशी?"

"या तर खरं. बसल्यावर कळंल."

मला वाटलं, उन्हाने बाईचं डोकं फिरलंय. तिला पाणी द्यावं म्हणून पुढे गेले, आणि मेंढरांच्या गोलात पाऊल टाकल्यावर पाठीवरचा चटका थांबला. कसं सांगू... डोळ्यांना ऊन दिसत होतं आणि अंगाला लागत नव्हतं. मानेवरचा घाम गार झाला. मी एक पाऊल मागे घेतलं तर भट्टी. पुन्हा आत आले तर गारवा. पर्समध्ये छोटा थर्मामीटर असतो माझ्या, तो काढून आत-बाहेर करत राहिले. म्हातारी बघत होती.

"काय हुडकायल्या?"

"हे कधीपासून आहे असं?"

"मला काय ठावं. मेंढरं हितं बसायली, म्हणून मी बी बसायले."

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

"भ्यायचं कशाला? उनाचं भ्या वाटतंय एकवेळ. सावलीनं कुणाचं काय केलंय?"

थोड्या वेळाने मेंढरं उठली, सगळी एकदमच, आणि जराशी पूर्वेकडे जाऊन पुन्हा बसली. "सरकली बघा," म्हातारी म्हणाली, "आपुन बी सरकू." दुपार कलेल तशी ती जागा पूर्वेला सरकत जायची, अगदी एखाद्या मोठ्या झाडाची सावली सरकावी तशी. तीन वाजता ती पेटीवर येऊन पोचली. मी पेटी उघडून बघितली. पारा उतरत होता.

तुम्ही म्हणाल, पूर्वी तिथे झाड असणार आणि कुणीतरी तोडलं असणार. माझ्याही मनात तेच आलं होतं. गावात विचारलं. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "झाड? तितं? आमच्या आज्याच्या येळेपासून उघडा माळ हाय त्यो. कुसळाबिगर काय उगवत न्हाई." खालून पाण्याचा पाझर असेल म्हणावं, तर शेजारच्या शेतातली बोअर कोरडी गेलेली. आणि पाझर काही सूर्याबरोबर सरकत नाही.

म्हातारीचं नाव गिरजाबाई. धनगराची. नवरा नव्हता. मुलगा पुण्याकडे कंपनीत कामाला, वर्षावर्षात यायचा नाही. मुलगी पूर्णेला, जावई रेल्वेत. घरची मोठी मेंढरं दीर घेऊन फिरतीवर गेलेला आणि ही दहा-बारा तिच्याकडे राहिलेली.

कॉलेजला सुट्टी लागली आणि मी तिथे जवळजवळ रोज जायला लागले. काम होतं असं नाही. सुट्टीत बाकीचे शिक्षक आपापल्या गावी जातात. अकरानंतर आमच्या गल्लीत माणूस दिसत नाही. खोलीत कूलरचा आवाज आणि मी. कधीकधी संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की आवाजच फुटायचा नाही, तेव्हा कळायचं की सकाळपासून आपण बोललोच नाही. त्यापेक्षा दोन वाहनं बदलून त्या माळावर जाणं बरं वाटायचं. गिरजाबाई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायची, मी काकडी न्यायचे. तासन् तास आम्ही बोलायचोही नाही.

एकदा तिने विचारलं, "तुला कोन हाय गं?" तोवर ती 'अगं-तुगं'वर आली होती.

"कोणी नाही," मी म्हणाले.

ती माझ्यासाठी जागा करावी तशी थोडी बाजूला सरकून बसली, आणि जागा तर भरपूर होती.

त्या सावलीत मला काय वाटायचं तेही सांगते. लहानपणी बाजारातून घरी येताना आई मुद्दाम उन्हाच्या बाजूने चालायची आणि मला आपल्या सावलीतून चालवायची. तसं वाटायचं तिथे. उन्हात आणि आपल्यात मध्ये कुणीतरी उभं आहे असं. दिसत कुणी नव्हतं. आवाज नव्हता, पानांची सळसळ नव्हती, वास नव्हता. मी खूप लक्ष देऊन बघितलं आहे, म्हणून खात्रीने सांगते.

मे महिन्याच्या शेवटी शेवटी ऊन फारच वाढलं. एक दिवस पोचले तर मेंढरं नेहमीच्या जागी होती, गिरजाबाई नव्हती. आधी वाटलं, येईल. मग गावाकडून येणाऱ्या वाटेवर लुगड्याचा रंग दिसला. पळत गेले. पालथी पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही, कातडी कोरडी ठक्क. डोळे अर्धवट उघडे, काहीतरी असंबद्ध बोलत होती. मुलाचं नाव घेत होती.

मी अँब्युलन्सला फोन लावला, ती लांबून यायची होती. ओळखीच्या जीपवाल्याला लावला, तो सवारी घेऊन जिंतूरकडे गेलेला. "मॅडम, तास-दीड तास तरी लागंल," तो म्हणाला, "तवर सावलीत ठेवा त्यांना." गावातल्या कुणाचा नंबर जवळ नव्हता, आणि तिला तशी टाकून गावात जायला पाय निघेना. काखेत हात घालून मी तिला ओढत मेंढरांपर्यंत नेलं. अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. बाटलीतलं पाणी स्टोलवर ओतून तिच्या अंगावर टाकलं आणि वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसले.

गारवा होता. नेहमीसारखाच.

पण माझ्या मनात वेगळीच धास्ती. ही जागा आता सरकणार. दर थोड्या वेळाने हिला उचलून पुढे न्यावं लागणार, आणि माझं बळ तर आत्ताच सरलं होतं. मी मेंढरांकडे बघत होते – ती उठली की उठायचं. ती उठलीच नाहीत. दुपार कलली, माझी सावली लांबत गेली, पेटीची सावली लांबत गेली, आणि मेंढरं जिथल्या तिथे. गारवाही जिथल्या तिथे. मी एकदा उठून पूर्वेच्या बाजूला, जिथे तो त्या वेळेला असायला हवा होता, तिथे जाऊन बघितलं. कडकडीत ऊन. परत आले तर गिरजाबाईच्या अंगावर सावली तशीच होती...

मी त्या वेळी मोठ्याने म्हणाले, "थांब जरा. जीप येईपर्यंत थांब." कुणाला म्हणाले ते माहीत नाही.

जीप आली. जीपवाल्याने आणि मी तिला उचलून आत घातलं. वळून बघितलं तर मेंढरं उठून उभी राहिली होती आणि डोकी एकमेकांखाली घालायला लागली होती.

सेलूच्या दवाखान्यात तिला सलाईन लावली, बर्फ ठेवला. रात्री ती शुद्धीवर आली. डॉक्टर मला म्हणाल्या, "लगेच सावलीत ठेवलंत म्हणून वाचल्या. झाड होतं का जवळ?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

दोन दिवसांनी मुलगी पूर्णेहून आली आणि तिला घेऊन गेली. मेंढरं दिराने नेली. जाताना गिरजाबाईने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "जात जा गं तितं."

आता मोजण्याचं सांगते. पुढच्या फेरीला मी त्या पेटीची रीडिंग उतरवली. रोज दुपारी तीनला पारा उतरलेला. फक्त त्या एका दिवशी उतरलेला नाही. त्या दिवशी या पेटीचा आलेख बाकीच्या गावांसारखाच सरळ चढलेला आहे, कारण सावली तिथपर्यंत आलीच नाही. सरांनी तो एक दिवस बघितला आणि म्हणाले, "हे बघा, हा एक दिवस बरोबर आलाय. बाकी सगळं चुकीचं. हे ठिकाण काढून टाका."

मी वाद घातला नाही. प्रबंधात ते ठिकाण नाही. बाकीच्या गावांचे आकडे आहेत, त्यांवरून काढलेले निष्कर्ष आहेत, आणि ते बरोबरच आहेत.

यंदा एप्रिलपासून मी तिथे बऱ्याचदा गेले. कुणाचीही मेंढरं बसलेली नसतात. मी माळभर फिरून बघितलं, थर्मामीटर हातात धरून, पश्चिमेपासून पेटीपर्यंत आणि पेटीच्या पलीकडेही. सगळीकडे सारखंच ऊन. पेटीतला पारा आता बाकीच्या गावांबरोबर चढतो आणि त्यांच्याबरोबरच उतरतो. ती कशाची सावली होती, त्या दिवशी का थांबली, यंदा का नाही – तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा. जाणकारांना विचारून झालं, पुस्तकं चाळून झाली.

परवा दुपारी गिरजाबाईचा फोन आला, मुलीच्या मोबाईलवरून. तब्येत बरी आहे म्हणाली. पूर्णेत करमत नाही, दिवसभर गाड्यांचे भोंगे ऐकत बसते म्हणाली. मग तिने विचारलं, "गेल्ती का माळावर?"

"गेले होते की. परवाच."

"हाय न्हवं सावली?"

मी खोलीत होते. खिडकीला ओलं पांघरूण लावलेलं, तेही वाळून गेलं होतं.

"हाय मावशी," मी म्हणाले.

"मग बसत जा तितं," ती म्हणाली. "घरात एकलीच बसू नगं."