भागूच्या दोन गोळ्या

निरगुडसरच्या भागूला १९९६ साली नवऱ्याने, चांगदेवने, पाचव्या महिन्यात पोटात लाथ घातली आणि मूल गेलं. त्यानंतर ती जेवेना, बोलेना. चुलीपाशी बसून नुसती रडे. रडते म्हणून त्याने तिला बैलाच्या चाबकाने फोडून काढलं. अखेर तिचा थोरला भाऊ सोपान तिला घोडेगावच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी गोळी सुरू केली. दीड महिन्यात रडू थांबलं. पण तोंडाला सदा कोरड, घास घशाखाली उतरेना, पोट चार-चार दिवस साफ होईना, आणि भर दुपारी मान लवंडायची. चांगदेव मारू लागला, तरी हात आडवा करायचंही तिला सुचत नसे.

"गोळी लई गुणाची हाय," सासू साळुबाई शेजारणीला सांगे. "सून गाय झाली गं माजी!"

अशी तीन वर्षं गेली. एका सकाळी धार काढून भागू उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दुधाची चरवी लवंडली. चांगदेवने त्याच चरवीने तिचा हात मोडला.

तो हात पाहून बाईंनी औषध बदललं. "मन दोन्ही गोळ्यांनी सारखंच सावरतं, भागूबाई. फरक आहे तो अंगाला सोसण्याचा. नवीने आधी मळमळेल, झोप कमी लागेल. पण अशी गुंगी नाही, उठताना तोल जाणं नाही. जुनी सांगते तशी कमी करत बंद करा आणि उरलेल्या मला आणून द्या. एकदम पोटात गेल्या तर जीव जातो."

पंधरा दिवस मळमळलं. मग हळूहळू भाकरीला चव आली. चांगदेवने हात उगारला की भागू आता त्याच्या डोळ्यांत बघू लागली. तेवढंही त्याला सोसवेना.

"डोळं वटारती व्हय? तुला जुनीच गोळी पायजे!"

जुनी चिठ्ठी दाखवून त्याने दुकानातून पाकीट आणलं. भागूचं डोकं भिंतीवर आपटलं, छातीवर गुडघा रोवला आणि जबडा फाकवून चार गोळ्या कोंबल्या. "गीळ!"

भागूने त्याचं बोट दातांत धरलं. तो बोंबलला, दुसऱ्या हाताने कानशिलं फोडू लागला. तिच्या कानातून रक्त आलं, तरी जबडा सुटेना.

"सोड गं रांडे, बोट तुटंल त्याचं!" साळुबाई किंचाळली.

तुटलंच. पेर आणि चारही गोळ्या भागूने जमिनीवर थुंकल्या. पेर तिथंच राहू दिलं. गोळ्या वेचून पाकिटासकट पदराला बांधल्या आणि ती एसटीला जाऊन उभी राहिली.

घोडेगावला तिने पदराची गाठ टेबलावर सोडली. "उरलेल्या आणून द्या म्हनला व्हता ना, बाई."

बाई तिचा कान पुसत राहिल्या. कापूस बदलताना म्हणाल्या, "नव्या गोळीचा काही त्रास?"

"झोप कमी लागती." भागूने रक्ताचा पदर सारखा केला. "आज दादाच्या घरी चाललीये. तितं लागंल."